त्रेचाळीस हजार किमी चाललेली गाडी का घेतली: रोजच्या प्रवासासाठी जुनी मोटरसायकल निवडण्याचं एक प्रकरण

गरज काय होती

खरेदीदाराचा रोजचा रस्ता २३ किमी जायचा, २३ किमी यायचा. त्यातला एकीकडचा साधारण १४ किमी मोकळा रस्ता, जिथे बाकीची वाहनं ६५-७० च्या वेगाने धावतात. उरलेले ९ किमी म्हणजे सिग्नल, गर्दी, गतिरोधक आणि खड्डे. आठवड्यातून दोन दिवस मागे एक माणूस. पाऊस असो नसो, जायचंच. वर्षाचे २८० दिवस धरले तर १२,८८० किमी होतात. इकडचंतिकडचं धरून १३,०००.

हा तेरा हजारांचा आकडा कागदावर लिहिला आणि निम्मे पर्याय तिथेच गळाले. लिटरला ५५ किमी देणाऱ्या गाडीला वर्षाला २३६ लिटर पेट्रोल लागतं, ४० देणारीला ३२५. फरक ८९ लिटरचा, तोही दरवर्षी. ऑइल ३,००० किमीला बदललं तर वर्षातून चार वेळा. मागचा टायर वीस-पंचवीस हजारांत संपतो, म्हणजे दोनेक वर्षांनी एक. चेन ५०० ते ७०० किमीला साफ करून तेल द्यायचं, म्हणजे महिन्यातून दोनदा खाली बसायची तयारी. शौकासाठी गाडी घेणारा ती आठवडाभर गॅरेजमध्ये सोडू शकतो. इथे गाडी एक दिवस बंद पडली तरी त्या दिवसाचा प्रश्न उभा राहणार.

म्हणून इंजिनाच्या ताकदीआधी दोन अटी ठरल्या. झिजणारे सुटे भाग, म्हणजे क्लच केबल, ब्रेक लायनर, चेन किट, फिल्टर, कोणत्याही साध्या दुकानात त्याच दिवशी मिळाले पाहिजेत. आणि गाडी कोणत्याही सर्वसाधारण मेकॅनिकला उघडता आली पाहिजे. एक ३०० सीसीची देखणी गाडी आणि एक उत्पादन थांबलेलं मॉडेल या दोन अटींवरच बाहेर गेलं. दुसऱ्याची तर किंमतही हवी तशी होती, आणि ती का कमी होती हेही उघड होतं.

इंजिनाबद्दल बोलायचं तर १०० ते ११० सीसी एकट्याला पुरते, पण मागे माणूस, समोरून वारा आणि ७० चा वेग असं एकत्र आलं की ती सतत पूर्ण थ्रॉटलवर चालते. १६० च्या वर गेलं तर रोजच्या गर्दीत ती ताकद वापरलीच जात नाही, पेट्रोल मात्र जातं. १२५ ते १६० हा पट्टा धरला, आणि ११० मधली एखादी फारच चांगली मिळाली तर बघू, असं ठेवलं.

पैशांचा हिशेब सोपा व्हावा म्हणून हातातल्या एकूण रकमेचे १०० भाग धरू. नियम एकच केला: विकणाऱ्याच्या हातात ७५ पेक्षा जास्त भाग जाणार नाहीत. नावावर करणं आणि विमा यांना ८ भाग, उरलेले दुरुस्तीला. जुनी गाडी घेताना सगळी रक्कम गाडीवर घालवणारा माणूस पुढचे सहा महिने संपलेल्या टायरवर फिरतो.

समोर आलेल्या तीन गाड्या

पहिली १६० सीसी, चार वर्षांची, २६,००० किमी, आरशासारखी चकचकीत. मागणी ८८ भाग. दुसरी ११० सीसी, नऊ वर्षांची, मीटरवर फक्त १८,००० किमी, मागणी ६२. तिसरी १२५ सीसी, फ्युएल इंजेक्शनची, सहा वर्षांची, ४३,००० किमी, डाव्या बाजूला खरचटलेली, सीटला ठिगळ. मागणी ८०.

तिन्ही मालकांना फोनवर एकच विनंती केली: "सकाळी येतोय, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." विनंती साधी आहे, पण थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. चालू व्हायला लागणारा वेळ, टायमिंग चेनची पहिल्या दोन-तीन सेकंदांची खडखड, सायलेन्सरमधून निघणारा पहिला धूर, बॅटरीचा खरा जीव, हे सगळं पहिल्या स्टार्टमध्येच कळतं. पोचल्यावर आधी इंजिनाच्या केसिंगला हात लावायचा. कोमट लागलं तर प्रश्न विचारायचा, किंवा दुसऱ्या दिवशी यायचं.

कमी चाललेली गाडी

हिला फार वेळ लागला नाही. १८,००० किमीला फुटरेस्टचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत नाही, ब्रेक पेडलवरचे खवले गुळगुळीत होत नाहीत. इथे दोन्ही झालं होतं. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या दातेरी चक्राचे) दात वाकून लाटेसारखे झाले होते. पक्का पुरावा टायरवर मिळाला. टायरच्या बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. या गाडीचा मागचा टायर जेमतेम दोन वर्षांपूर्वी बनलेला होता आणि झीजखुणेपर्यंत संपला होता. म्हणजे दोन वर्षांतच तो वीसेक हजार चालला असणार. मग आधीच्या सात वर्षांत गाडी चाललीच नाही का? मीटर मागे फिरवला असेल किंवा केबल काढून गाडी वापरली असेल, आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. आकडा खोटा आहे एवढं कळलं की पुरे.

आणि समजा आकडा खरा असता, तरी? नऊ वर्षांत १८,००० म्हणजे गाडी बहुतेक काळ उभी. उभ्या गाडीचे ऑइल सील कडक होतात, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो, अर्ध्या रिकाम्या टाकीला वरून आतून गंज धरतो, टायरच्या कडेला बारीक भेगा पडतात. रोज चालवायला काढली की हे सगळं दोन महिन्यांत एकेक करून बाहेर येतं. कमी किमी हा गुण आहे असं लोक डोळे मिटून धरतात. रोजच्या गाडीसाठी तो बऱ्याचदा नुसता आकडा असतो.

चकचकीत गाडी

ही मात्र शांतपणे बघावी लागली, कारण चालवायला ती तिघींत सगळ्यात छान होती. स्टार्ट चांगला, गिअर मऊ, धूर नाही. दोन गोष्टी मात्र खटकल्या. इंजिन प्रमाणाबाहेर स्वच्छ होतं, आणि हेडलाइटची काच बाकीच्या प्लॅस्टिकपेक्षा नवी दिसत होती. इंजिन धुतलेलं असेल तर तेलाची गळती दिसत नाही. १०-१५ किमी चालवून पुन्हा बघावं लागतं. बघितलं, कोरडं होतं. मग लक्ष पुढच्या भागाकडे गेलं.

हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं की फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या जोडीच्या) खालच्या ब्रॅकेटवरचा छोटा लोखंडी उंचवटा चेसिसच्या गळ्यावरच्या स्टॉपला टेकतो. दोन्ही बाजूंना असा एकेक स्टॉप असतो, आकाराने अंगठ्याच्या नखाएवढा. उजवा स्टॉप मूळ रंगात होता, कडा धारदार. डावा चेपून तिरका झालेला, आणि त्यावर हाताने मारलेल्या काळ्या रंगाचा जाड थर. नख लावलं तर रंगाची पापडी निघाली. नंतर टॉर्च घेऊन गळ्याच्या मागून खाली जाणाऱ्या पाइपची खालची बाजू बघितली. वेल्डपासून बोटभर अंतरावर रंगाला आडव्या बारीक सुरकुत्या होत्या. समोरून जोरात धडक बसली की पुढचं चाक मागे ढकललं जातं आणि तो पाइप नेमका तिथेच दबतो. लोखंड डोळ्यांना सरळ दिसतं, पण वरचा रंग ताणला-दबला गेल्याची खूण सोडतो.

मालकाचं म्हणणं, "पार्किंगमध्ये उभी पडली होती." उभी गाडी पडली तर लिव्हरचं टोक, हँडलचं टोक, फुटरेस्ट आणि इंजिनाचं बाजूचं झाकण खरचटतं, क्वचित टाकीला पोचा येतो. चेसिसच्या पाइपला सुरकुत्या येत नाहीत.

खात्रीसाठी दोरीची चाचणी केली. गाडी सरळ उभी करायची, मागच्या टायरला मागून दोरी घालून दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर पुढे न्यायची आणि मागच्या टायरच्या पुढच्या कडेला हलकेच टेकतील इतकीच ताणायची. पुढचं चाक सरळ धरून दोन्ही बाजूंना टायर आणि दोरी यांतलं अंतर मोजायचं. पुढचा टायर अरुंद असल्यामुळे दोन्हीकडे फट राहते. ती सारखी हवी. त्याआधी चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना एकाच रेघेवर आहेत का ते बघावं, नाहीतर मागचं चाकच तिरकं असतं आणि चाचणी फसवते. इथे डावीकडे १६ मिमी, उजवीकडे ५. दोन-तीन मिमीचा फरक सोडून देता येतो. अकराचा नाही.

अशी गाडी ४० च्या वेगात काही बोलत नाही. ७० ला, ओल्या रस्त्यावर, जोरात ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढते. शिवाय एकदा वाकून सरळ केलेल्या पाइपचं वेल्ड पुढे कधी तडकेल ते सांगता येत नाही. मालकाने ८८ वरून थेट ७२ केली. घसरण एवढी सहज झाली हे पाहूनच तिथून निघणं बरं.

जुन्या गाडीतले दोष दोन जातींचे असतात आणि दोन्ही एका तराजूत घालायचे नसतात. टायर, चेन, बॅटरी, लायनर, कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) हे बाजारात किंमत ठरलेले दोष. ते मोजायचे आणि भावात वळते करायचे. वाकलेलं चेसिस, लोडवर निसटणारा गिअर, क्रँकचा जाड ठोका, कागदाशी न जुळणारा इंजिन नंबर हे दुसऱ्या जातीचे. त्यांवर सवलत घ्यायची नाही, मग ती कितीही असो.

खरचटलेली गाडी

पहिल्या भेटीत हिच्यावर दीड तास गेला.

चावी फिरवल्यावर इंजेक्शनचा इशारा देणारा पिवळा दिवा आधी लागला आणि मग विझला. हे बारीक आहे पण महत्त्वाचं. दिवा लागून राहिला तर बिघाड उघड असतो. अजिबातच लागला नाही तर तो काढून टाकलेला असू शकतो, आणि ते जास्त वाईट. सेल्फवर थंड इंजिन दोन सेकंदांत धरलं. टायमिंग चेन क्षणभर वाजून गप्प झाली. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, हलका टिकटिकाट होता. नवखे खरेदीदार टॅपेटच्या आवाजाला घाबरतात. खरी भीती आवाज अजिबात नसलेल्या टॅपेटची. फट कमी पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू त्याच्या कडेतून निसटत राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो. आवाज करणारा टॅपेट फट लावून अर्ध्या तासात ठीक होतो.

धुराचं असं: मोठ्या उतारावर थ्रॉटल सोडून गाडी उतरवली आणि परत थ्रॉटल दिला की निळा झोत येत असेल तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड गेलेत. थ्रॉटल देत असताना सतत निळा येत असेल तर रिंगा-सिलिंडर. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थंड सकाळी येणारी पांढरी वाफ मोजायची नाही. या गाडीत निळं काही दिसलं नाही.

बॅटरीवर मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, इंजिन ५,००० फेऱ्यांवर असताना १४.१. सेल्फ मारताना दहाच्या खूप खाली गेलं असतं तर बॅटरी म्हातारी. चार्जिंग साडेतेराच्या खाली किंवा पंधराच्या वर असतं तर रेग्युलेटर किंवा कॉइलकडे संशय.

चेन मात्र संपत आली होती, आणि ते स्टीलच्या पट्टीने सिद्ध झालं. या गाडीला ४२८ ची चेन. तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी. चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजायचं. मधल्या वीस कड्यांचं माप नव्या चेनमध्ये २५४ मिमी असतं. दोन टक्के वाढलं, म्हणजे २५९ झालं, की चेन बाद. इथे २५८.५ आलं, म्हणजे बाद व्हायला अर्धाच मिमी बाकी. शिवाय मागचं चाक हाताने फिरवून चेनचा ढिलेपणा चार ठिकाणी बघितला, तर एका जागी २० मिमी आणि दुसऱ्या जागी ४५. अशी चेन घट्ट केली तर आखूड जागी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो, ढिली ठेवली तर लांब जागी उडते. उपाय नवी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र. नुसती चेन बदलली तर जुने दात तिला लवकर खातात.

डबल स्टँडवर घेऊन मागचा भाग खाली दाबला, पुढचं चाक हवेत. हँडल दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकाला सोडलं. अगदी मध्यावर ते किंचित अडकत होतं, जणू छोट्या खळग्यात बसत होतं. कोन सेटच्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत याची ही खूण. बदलावा लागणार. पुढचे शॉकअप धरून मागे-पुढे ओढले, खटका नाही. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बाजूला हलवला, खेळ नाही. मागच्या ब्रेकचा बाण पेडल दाबल्यावर मर्यादेच्या रेघेवर आला, म्हणजे लायनर संपत आलेले. पुढच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअरने मोजली, अजून शिल्लक होती. मागचा टायर मध्यभागी सपाट, झीजखुणेला टेकलेला. सीटखालच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज नाही, हेडलाइटच्या खोलीत गाळ नाही, एअर फिल्टरच्या डब्यात पाण्याची रेघ नाही. म्हणजे पुरात बुडालेली नव्हती.

चालवून बघताना १४ किमीचा फेरा घेतला, मोकळा रस्ता आणि गर्दी दोन्ही असतील असा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर थ्रॉटल एकदम पूर्ण उघडला. क्लच प्लेट गेल्या असतील तर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागे राहतो. इथे दोन्ही बरोबर चढले. दुसऱ्या गिअरमध्ये ओढ आणि सोड असं पाच-सहा वेळा केलं. गिअर निसटला नाही. थांबल्यावर गरम इंजिनावर न्यूट्रल पहिल्याच प्रयत्नात मिळाला. गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली, लगेच धरली. काही गाड्या थंडीत नीट आणि गरम झाल्यावर हट्टी असतात, आणि खरेदीदार ते घरी नेल्यावर शोधतो.

सोबत आलेल्या मेकॅनिकने शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. इंजिन गरम, इंजेक्टरचा कनेक्टर काढलेला, प्लग बाहेर काढून कॅपसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा वाढायचा थांबेपर्यंत सेल्फ. १०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आलं. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं, ११.२. तेल टाकल्यावर आकडा मोठी उडी घेतो तेव्हा रिंगांतून गळती असते; पहिला आकडा कमी असून तेलानेही हलत नाही तेव्हा व्हॉल्व्हमधून. इथली वाढ थोडी होती आणि पहिला आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत होता. मॅन्युअलशी ताडल्याशिवाय हा आकडा वाचू नये. काही इंजिनांत स्टार्ट सोपा व्हावा म्हणून दाब थोडा सोडणारा डीकॉम्प्रेसर असतो आणि निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवतं.

या सगळ्यापेक्षा वजनदार होती मालकाने आणून ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत बिलं. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, एकदा क्लच प्लेट, प्रत्येकावर किमीचा आकडा. गाडीच्या मीटरचा खरेपणाही त्यातच सिद्ध झाला, कारण सहा वर्षांत आकडे क्रमाने चढत गेले होते. एक भोक मात्र राहिलं. २७,००० नंतरचं पुढचं बिल थेट ३५,००० चं. "त्या वर्षी घराजवळच्याच एका मुलाकडे ऑइल बदलायचो, तो बिल द्यायचा नाही," असं उत्तर मिळालं. खरं असेलही. आठ हजार किमी एकाच ऑइलवर चालली असेल तर त्याची झीज कॉम्प्रेशनमध्ये दिसलीच असती असं नाही. ती कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टेकड्यांवर आणि तेल जळण्यात दिसते. त्या दिवशी डिपस्टिकवर तेल खालच्या रेघेच्या जरा वर होतं. हा मुद्दा टाचण लावून ठेवला.

भाव आणि कागद

दुरुस्तीचा अंदाज लिहून काढला: चेन किट ३ भाग, मागचा टायर ४, कोन सेट २, लायनर अर्धा, ऑइल-प्लग-फिल्टर-ब्रेक फ्लुइड आणि टॅपेट मिळून ३. एकूण साडेबारा. हे सगळे मागणीतून वजा करा असं म्हणणं रास्त नाही. सहा वर्षांच्या गाडीचा टायर आणि चेन नवी असेल असं गृहीत धरून कोणी ८० मागत नाही. निम्म्याच्या आसपास मागणं पटतं, तेही पट्टी आणि झीजखूण समोर दाखवून. "काका, ही चेन मोजून बघा" याने जे होतं ते "गाडीत बरंच काम आहे हो" याने होत नाही. सौदा ७३ ला ठरला. त्यात दुरुस्तीचे साडेबारा आणि नावावर करण्याचे आठ मिळवले तर साडेत्र्याण्णव.

कागदांत चार गोष्टी ताडल्या. नोंदणीपत्रावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र एकच आहे का. गळ्यावरचा चेसिस नंबर आणि केसिंगवरचा इंजिन नंबर अक्षरशः जुळतो का, त्याभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेगळ्या ठशाचे आकडे आहेत का. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का. दंड थकलेले आहेत का. बोजा पूर्वी होता, तो उतरवल्याचं पत्र होतं, पण नोंदीत अजून दिसत होता. पत्र हातात असलं तरी नोंद कोरी होईपर्यंत थांबायचं. इसाराची लहान रक्कम देऊन नऊ दिवस थांबलं, मग हस्तांतराच्या अर्जावर सह्या झाल्या त्याच वेळी बाकीचे पैसे दिले.

तपासणीत काय सुटलं

तिसऱ्या आठवड्यात उजव्या फोर्कवर तेलाचं कडं दिसलं. डिस्क त्याच बाजूला. दोन दिवसांत तेल कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर) उतरलं आणि पुढचा ब्रेक लाकडासारखा लागायला लागला. तेल प्यायलेले पॅड घासून, जाळून परत वापरायचा सल्ला मिळतो. तो ऐकायचा नाही, पॅड बदलायचे आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची.

तपासणीच्या दिवशी फोर्क कोरडा का होता? गाडी पाच दिवस उभी होती आणि नळी पुसलेली होती, हे एक कारण. दुसरं जास्त शिकण्यासारखं आहे. गळती सुरू करणारा गंजाचा ठिपका सीलच्या जवळपास ७० मिमी वर होता. चाचणीच्या गुळगुळीत रस्त्यावर, एकट्या स्वारात, फोर्क तेवढा दबलाच नाही. रोजच्या खड्ड्यांत मागे माणूस बसवल्यावर ठिपका सीलमधून वर-खाली जायला लागला आणि त्याने सीलची कडा कापली. नळीवर नख फिरवलं असतं तर ठिपका लागला असता, पण नख फक्त खालच्या भागावर फिरवलं गेलं. वरपासून खालपर्यंत, चारही बाजूंनी फिरवायला अर्धा मिनिट लागतो.

नुसता सील बदलला असता तर नवाही महिन्यात गेला असता. ठिपका बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून कडा मारली, खड्डा इपॉक्सीने भरून पुन्हा समतल केला, मग दोन्ही सील, दोन्हीकडे मापून नवं फोर्क ऑइल. पॅड धरून अडीच भाग गेले. एकूण ९६. नळीवर सीलच्या लगेच वर एक पातळ झिप-टाय सैलसर बांधून ठेवला. फोर्क दबला की तो वर सरकतो आणि तिथेच राहतो. आठवड्याने तो ८५ मिमीवर होता. म्हणजे रोजच्या रस्त्यावर ठिपक्याची जागा पार होतेच.

पहिले हजार किमी

गाडी घरी आली त्याच दिवशी ऑइल काढलं. काळं होतं, पण बोटांवर चोळून उन्हात धरल्यावर धातूची चमक नव्हती, दुधाळ नव्हतं. नवं भरून वरच्या रेघेपर्यंत आणलं आणि मीटर लिहून ठेवला, ४३,२१०.

पहिल्या टाकीचं एव्हरेज ४९ आलं, अपेक्षा ५५ ची. इंजिनात दोष शोधायच्या आधी मागचं चाक हाताने फिरवून बघितलं, तर ते अर्ध्या फेरीत थांबत होतं. नवे लायनर बसवताना ब्रेकचा नट जास्त आवळला गेला होता. दीड फेरी सैल केला, पेडलचा मोकळा खेळ २५ मिमी ठेवला. पुढच्या दोन टाक्या ५४ आणि ५६. नवी चेन चारशे किमीला एकदा ओढून घ्यावी लागली, नंतर ढिलेपणा २८ मिमीवर स्थिर राहिला.

टाचण लावून ठेवलेला मुद्दा ४४,२१० ला उघडला. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा घातली. तेल वरच्या रेघेपासून तीनेक मिमी खाली. मोजपात्राने भरलं तेव्हा ९० मिलि गेलं. हजार किमीला एवढं तेल ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही, पण शून्यही नाही. पुढची मोजणी ४४,७१० ला, त्यानंतर ४५,२१० ला. हजाराला २०० च्या वर गेलं तर व्हॉल्व्हचे सील आधी बदलायचे, रिंगांना नंतर हात लावायचा. उरलेले चार भाग त्यासाठी बाजूला आहेत.